बारा मेची कॅसेट

सानगडी
मंगळवार, ९ जानेवारी २०२४

मेघा,

पाकिटावरचं अक्षर पाहून चुलीत टाकू नको. फोन तू ब्लॉक करून ठेवला, म्हणून चिठ्ठी लिहून राहिलो आणि आनंदरावांच्या हाती पाठवून राहिलो. तू जवाहरनगरले त्यांच्याच गल्लीत खोली घेतली हे मले आत्ता समजलं. फॅक्टरीतून रिटायर झालेला हा माणूस माह्या दुकानातल्या कॉम्प्युटरचा गुरू आहे. त्यांच्यावर रागावू नको, ते फक्त पोस्टमन आहेत.

काल तुह्या कामिनी वकिलांचा फोन आला. म्हणे मी करून दिलेली तुह्या लग्नाच्या व्हिडिओची डिस्क कोर्टात चाललीच नाही. तीन डाव टाकली, तीन डाव काढली. फाइलच्या नावाच्या जागी नुसत्या आडव्या रेघा, आणि दाबलं का 'उघडत नाही'. भुपेंद्र तिकडे रुमाल तोंडाले लावून हसत होता म्हणे. हरामखोर! चौदा वर्षं तुह्यासंग संसार केला, लेक खुशबू बारा वर्षांची झाली, आणि आता दुसरी घरात आणून बसवली तर जज साहेबांले सांगते का हिच्यासंग माहं लग्न झालंच नाही. रजिस्टर नाही, भटजी वारला, त्याचे दोस्त तोंड उघडत नाहीत. राहिला तो व्हिडिओ, आणि तो माह्या हातानं गेला.

पण वकिलीणबाईंनी आणखी एक सांगितलं. तू म्हटलं, 'माह्या भावानं मुद्दाम खराब दिली असंल.' ते मले लागलं, मेघा. मुद्दाम नाही दिली.

झालं असं का, माह्या व्हिडिओच्या दुकानात आता विंडोज नाही. लगनवाले लोक पेनड्राइव्ह आणतात, त्याच्यासंग व्हायरस आणतात. एकाची अख्खी हळद व्हायरसनं खाल्ली आणि नवरीचा बाप माह्या दुकानासमोर उपोषणाले बसला होता. तेव्हा आनंदरावांनी विंडोजच्या जागी लिनक्स टाकून दिलं. फुकट, आणि दगडावानी पक्कं. चार वर्षांत एक डाव रडलं नाही. पण त्याच्यावर केलेली डिस्क त्याची त्यालेच समजते, जोपर्यंत तुम्ही बाकीच्यांचा विचार करून ती बनवत नाही. मी फाइलचं नाव मराठीत ठेवलं, 'मेघाचे लग्न'. माह्या मशीनवर मस्त दिसे. विंडोजले तेच नाव दुसऱ्या तऱ्हेनं लिहून द्यावं लागते, ती एक खूण करायची राहून गेली. आणि व्हिडिओ मी नव्या पद्धतीनं दाबून बसवला होता, तो कोर्टातल्या कॉम्प्युटरले वाचता नाही आला. माह्याकडे चालली म्हणून सगळीकडे चालंल, असा भैताडावानी विचार केला.

सोळा फेब्रुवारीची तारीख आहे. त्याच्या आत कोणत्याही कॉम्प्युटरवर चालंल अशी डिस्क करून देतो.

एक सांगून ठेवतो. मूळ कॅसेट आता नाही. तिच्यावर मागेच दुसऱ्याचं लगन भरलं. मायजवळ जी व्हीसीडी आहे, गाणं लावलेली, तिच्यावरूनच काढावं लागते. तेवढ्यात भागंल.

चंद्रकुमार


सानगडी
गुरुवार, १८ जानेवारी

मेघा,

झाली डिस्क. संग पाठवली आहे. दोन आहेत, एक तुह्याजवळ ठेव, एक वकिलीणबाईंले दे.

या डावानं मी हुशारी नाही केली, म्हणून झाली. आनंदराव म्हणाले, 'चंद्रकुमार, सगळ्यात जुनी पद्धत वापर. तिले कोणी ओळखत नाही असं होत नाही.' एमपीईजी-एक म्हणतात तिले, व्हीसीडीच्या जमान्यातली. चित्र थोडं फाटते, पण कोणतंही कॉम्प्युटर तिले दारातून वापस पाठवत नाही. नाव इंग्रजीत, आठ अक्षरांच्या आत. नावाची ती खूण केली. डिस्क शेवटी बंद केली, म्हणजे तिच्यात आता कोणी काही घालू नाही शकत. बर्न एकदम हळू केलं. झाल्यावर मूळ फाइल आणि डिस्कवरची फाइल एकमेकांसंग जुळवून पाहिली, एका बिंदूचा फरक नाही.

मंग गावभर घेऊन फिरलो. ग्रामपंचायत, शाळा, सेतू केंद्र, पतसंस्था, मेडिकलवाल्याचं ते बाबा आदमच्या जमान्यातलं कॉम्प्युटर. सगळीकडे चालली. पतसंस्थेतल्या नव्या बाईनं विचारलं, 'कोणाचं लगन आहे जी?' मी म्हटलं, बहिणीचं. ती म्हणे, 'तुम्हाले बहीण आहे?' या गावात मी जन्मलो, या गावात दुकान टाकलं, आणि नव्या लोकांले माहीतच नाही का मले बहीण आहे. मी डिस्क काढली आणि निघालो.

मायले मी चिठ्ठ्यांचं सांगितलं नाही. तिचे गुडघे गेले आहेत, बाकी बरी आहे. व्हीसीडी मागितली तर देता देत नव्हती. चौदा वर्षांपासून धानाच्या कोठीवरच्या डब्यात ठेवते. म्हणे, 'पाहून झाली का वापस आण, तिच्याशिवाय मले पोट्टीचं तोंड दिसत नाही.'

तू इतके वर्षं आली नाही, मेघा. बाबा रागाचे होते हे खरं, पण माय तर नव्हती.

चंद्रकुमार


सानगडी
सोमवार, २९ जानेवारी

मेघा,

कामिनी वकिलांनी भुपेंद्रचा लेखी जबाब मले वाचून दाखवला. डिस्क चालली त्याच्याकडे, झकास चालली. आणि त्यानं काय लिहून दिलं माहीत आहे ना तुले? म्हणे हे लग्न नाही, नाटक आहे. मंडईच्या जत्रेसाठी नाटक बसवलं होतं, त्याच्यातल्या लग्नाच्या सीनची ही तालीम आहे, आणि मेघा त्याच्यात नायिका होती!

मी दुकानात मोठ्यानं शिवी दिली, गिऱ्हाईक उठून गेलं. आपल्या झाडीपट्टीत प्रत्येक गावात मंडईले नाटक होते, प्रत्येक गावात एक असा नाक्यावरचा हिरो असते, आणि हा तर तीन वर्षं खरंच नाटकात काम करत होता. त्याचे पोस्टर आहेत, फोटो आहेत, ते सगळे त्यानं जोडले. साहेबांले पटू शकते.

आणि पटायले माहंच काम कारणीभूत आहे. डिस्क पाहा. भटजी नाही. वऱ्हाडी नाहीत. गळ्यातले हार कोमेजलेले, कालचे. भुपेंद्र मंगळसूत्र बांधता बांधता कॅमेऱ्याकडे पाहते, कारण मी मागून सांगून राहिलो, 'इकडे पाहा जावाई'. आणि आवाज नाही, वर मी फिल्मचं गाणं चढवलं. तेव्हा सगळेच तसं करत. लग्नातला आवाज म्हणजे कुकरच्या शिट्ट्या आणि पोरांची रडारड, गाण्याशिवाय कोणी पैसे देत नव्हतं. कोणी भी पाहील तर म्हणंल तालीम आहे. तालीमच तर होती ती. खरं लग्न अकरा तारखेले झालं, आणि मी तुम्हाले कॅमेऱ्यासमोर उभं केलं बारा तारखेले, सकाळी.

पण मी उपाय काढला आहे, घाबरू नको. संगची डिस्क पाहा. तिच्यात मी कोपऱ्यात अकरा मे दोन हजार दहा ही तारीख टाकली, कॅमेऱ्यात येते तशीच. फाइलची तारीख भी बदलली, लिनक्समध्ये एका ओळीचं काम आहे. गाणं काढलं आणि त्याच्या जागी दुसऱ्या एका लग्नातली मंगलाष्टकं बसवली, चारी अंगांनी माणसांची गलबल. हारावर रंग चढवला, ताजे वाटतात. कोणाच्या बापाले समजत नाही. डिस्कसंग एक सर्टिफिकेट लागते, का ही मूळ रेकॉर्डिंगवरून केली, काही बदललं नाही. त्याच्यावर डिस्क बनवणाऱ्याची सही लागते. ती मी करतो.

मेघा, लगन खरं आहे ना? मंग खऱ्या गोष्टीसाठी थोडं खोटं केलं तर काय बिघडते?

चंद्रकुमार


सानगडी
रविवार, ४ फेब्रुवारी

मेघा,

आनंदरावांनी डिस्क वापस आणून दिली. दोन तुकडे. आणि कव्हरवर तुहं अक्षर. चौदा वर्षांनी पाहिलं. 'दादा, तुह्या एका खोट्यानं माहं माहेर गेलं. दुसऱ्या खोट्यानं मले लग्न नको देऊ.'

आनंदराव चहा न पिता उभे राहिले. म्हणाले, 'तुमच्या घरातलं मले माहीत नाही. पण मी तुले मशीन शिकवलं ते याच्यासाठी नाही.' आणि निघून गेले.

आता लिहितो. आज दुकान बंद आहे, शटर ओढून बसलो आहे. मधेच थांबलो तर पुन्हा लिहिणं होणार नाही.

कॅसेट आहे. मी तिच्यावर काही भरलं नाही. तुह्या लग्नाची मूळ कॅसेट माह्या टेबलाच्या खालच्या खणात आहे, चौदा वर्षांपासून. पुसायची हिंमत झाली नाही आणि पाहायची भी झाली नाही.

तुले वाटते का मी एकच खोटं बोललो. तू मायले फोनवर सांगितलं होतं, 'दादा म्हणाला बाबांनी माह्या नावानं आंघोळ केली.' आणि मी मायसमोर शपथ घेतली, मी असं म्हटलंच नाही, ही आपल्या मनानं रचून राहिली. ते एक तुले माहीत आहे. बाकीचं ऐक.

बाबांनी आंघोळ केली नव्हती, मेघा.

तू भुपेंद्रसंग निघून गेली तेव्हापासून आठ दिवस रागात होते, जेवत नव्हते, हे खरं. पण अकरा तारखेले सकाळी ते अंगणात आले, माह्या गाडीची चावी माह्या हातात ठेवली आणि म्हणाले, 'जा. कॅमेरा ने. सांजच्याले दोघांले घरी घेऊन ये.' आणि आत पाहून मायले म्हणाले, 'भात पाच जणांचा लाव.' एवढंच बोलले. बाबा कधी त्याच्यापेक्षा जास्त बोलत नसत, तुले माहीत आहे.

मी गेलो आणि तुमसरच्या स्टँडवर बसलो. चार तास. तुम्हाले सांगितलं तसं पंक्चर झालं नव्हतं. तेव्हा माही सोयरीक मोडली होती, तुह्यामुळे मोडली असं ते लोक म्हणाले, आणि माह्या डोक्यात आग होती. मी म्हटलं, हिनं माहं घर बसू दिलं नाही आणि हिले मी वाजतगाजत घरी नेऊ? चहा पीत राहिलो. आंबागडले पोहोचलो तर सगळं उरकलं होतं, तुम्ही भुपेंद्रच्या दोस्ताच्या घरी होते. रात्री मी तिथेच ओट्यावर झोपलो. सकाळी वाटलं, मायले दाखवायले काही तरी पाहिजे. म्हणून तुम्हाले पुन्हा देवळात उभं केलं, कालचेच हार घालून. आणि ते झाल्यावर मी तुले ते म्हटलं. बाबांचं नाव घेऊन. तू तिथेच खाली बसली.

घरी आलो तर बाबा अंगणातच होते. मी सांगितलं, 'मेघा म्हणते, मले तुमचं तोंड पाहायचं नाही.' त्यांनी विचारलं, 'असं म्हणाली?' मी म्हटलं, हव.

माय पाच जणांचा भात रात्रभर झाकून बसली होती. तो गाईले घातला.

बाबा सहा वर्षं तुही वाट पाहून गेले. तू मौतीले आली नाही, तेव्हा गावातल्या बायका तुले काय काय म्हणाल्या, आणि मी तिथेच उभा राहून ऐकत होतो. मले माहीत होतं तू काहून नाही आली. ज्यानं आपल्या नावानं आंघोळ केली त्याच्या मौतीले कोण येईल?

हे मी लिहिलं. आता माफी माग म्हणशील तर कोणत्या तोंडानं मागू?

आनंदरावांचा जुना कॅमेरा आहे, त्याच्यात ही कॅसेट चालते. उद्या मी त्यांच्याकडे जातो आणि पाहतो.

चंद्रकुमार


सानगडी
गुरुवार, १५ फेब्रुवारी

मेघा,

कॅसेट चालली. सुरुवातीले पट्टी चिकटली होती, चित्राचे चौकोन चौकोन होऊन राहिले होते. आनंदरावांनी दोन डाव शेवटपर्यंत पुढे पळवली, मागे आणली, मंग साफ झाली. वायर लावून लिनक्सवर जशीच्या तशी उतरवली. कोपऱ्यात कॅमेऱ्याची आपली तारीख आहे, बारा मे. तिले हात लावला नाही. आणि आवाज आहे, मेघा. सगळा आवाज आहे.

चार मिनिटं दहा सेकंदांवर मी म्हणतो, 'जावाई, मंगळसूत्र पुन्हा बांधा, इकडे पाहून.' आणि भुपेंद्र हसते आणि म्हणते, 'अबे साळेबुवा, काल भटजीसमोर एक डाव बांधलं ना! तुह्या कॅमेऱ्यासाठी किती डाव लगन करू हिच्यासंग?' तू भी हसते. तुहं ते हसणं मी विसरूनच गेलो होतो.

मी खुर्चीवरून उठून नाचलो. त्याच्याच तोंडानं! काल, भटजी, लगन, सगळं त्याच्याच तोंडानं! माह्या ज्या लबाडीनं तुहा व्हिडिओ नाटक वाटत होता, तिच्यातच तो फसला.

पण कॅसेट पुढे चालूच राहिली. कॅमेरा मी देवळाच्या पायरीवर ठेवला होता, बंद करायचा विसरलो. पाच मिनिटं चाळीस सेकंदांवर चित्रात नुसते तुमचे पाय आहेत, आणि माहा आवाज आहे. 'काल लग्न केलं ना तू? कालच बाबांनी तुह्या नावानं आंघोळ केली. तू मेली आमच्यासाठी. पुन्हा तोंड दाखवू नको.' आणि तुहा आवाज, 'बाबा असं करणार नाहीत, दादा. बाबा असं करणार नाहीत.' चार डाव म्हणते तू. मी मोजलं.

मी ते पाच मिनिटांवर कापलं. लपवत नाही, कापून पाहिलं. पाच मिनिटांची फाइल केली, डिस्क भी केली, आणि ती घेऊन घरी आलो. जेवायले बसलो तर माय समोर बसून माशा हाकलून राहिली होती. विचारलं तिनं, 'पोट्टीचं काम झालं?' मी ताट सरकवून उठलो.

दुपारी तिले गाडीवर बसवून दुकानात आणलं. अख्खी लावून दिली. तिनं तुहं हसणं पाहिलं आणि स्क्रीनले हात लावला. मंग पाच चाळीस आलं. संपल्यावर म्हणाली, 'वापस लाव.' मी लावली. दुसऱ्या डावाले तिनं डोळे मिटून ऐकलं. मंग मले विचारलं, 'आणि तू आम्हाले सांगितलं का ती म्हणते तोंड पाहायचं नाही?'

मी म्हटलं, हव, माय. ते भी खोटं.

मले वाटलं मारंल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, 'वासुदेवराव शेवटच्या दिवशी भी दाराकडे पाहत होते.' बाबांचं नाव घेताना मी तिले आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मंग पदर सावरून उठली आणि पायी घराकडे निघाली, त्या गुडघ्यांनी. माह्या गाडीवर बसली नाही. आठ दिवस माह्यासंग बोलली नाही. फक्त जेवायले वाढे.

काल बोलली. म्हणाली, 'मले उद्या तिच्याकडे नेऊन सोड. डिस्क माह्या हातात दे.'

म्हणून ही चिठ्ठी आनंदरावांच्या हाती नाही, मायच्या हाती आहे. आनंदराव तिले तुह्या दारापर्यंत सोडतील, मी गल्लीच्या तोंडाशी थांबतो. जिना असंल तर तिले हात दे, उजवा गुडघा जास्त दुखते. रात्री तिच्या पोटात काही जात नाही, थोडा भात दिला तर खाते.

पिशवीत तीन डिस्क आहेत. एक साहेबांची, एक भुपेंद्रच्या वकिलाची, एक तुही. तिन्ही त्याच जुन्या पद्धतीच्या, नाव इंग्रजीत, बंद केलेल्या, आणि या डावानं सात ठिकाणी चालवून पाहिल्या. मूळ कॅसेट वेगळ्या डब्बीत आहे, कोर्टानं मागितली तर तीच द्या.

कामिनी वकिलांले मी सगळं ऐकवलं. त्या म्हणाल्या, पाच मिनिटांवर थांबवली तर तो म्हणंल हा भी नाटकातला डायलॉग. पण पुढचं नाटकात कोणी लिहीत नाही. मंग त्यांनी विचारलं, 'भरल्या कोर्टात वाजंल हे, चंद्रकुमार. तुमच्या गावचे लोक असतील.' मी म्हटलं, वाजू द्या.

कापलेली डिस्क मी तोडून टाकली. सर्टिफिकेटवर सही केली आहे, पूर्ण नावानं, काही काढलं नाही आणि काही घातलं नाही म्हणून.

उद्या मले साक्षीले उभं करतील. पाच चाळीसले थांबवून साहेब विचारतील, हा आवाज कोणाचा. चौदा वर्षं घरात, गावात, बाबांच्या समोर मी सांगत आलो का माहा नाही.

उद्या सांगतो, माहाच आहे. तू समोर बसली असशील, पण माह्याकडे पाहायची जबरदस्ती नाही.

चंद्रकुमार वासुदेवराव कापगते